बर्मिंगहॅमचा डायनामो की पाडीचा?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये जा आणि पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला काय म्हणतात ते विचारा. उत्तर येईल, ‘डेल्को’. गाडी फियाट असो, अ‍ॅम्बेसेडर असो की जीप, डिस्ट्रिब्युटर कोणत्याही कारखान्यात तयार झालेला असो, मेकॅनिकसाठी तो डेल्कोच. हा शब्द मराठी नाही, उर्दू नाही आणि धड इंग्रजीही नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तिथे १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ सुरू केली. या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांपासून डेल्को हा शब्द तयार झाला. याच कंपनीने १९१२ च्या कॅडिलॅकसाठी विजेवर चालणारा स्टार्टर दिला आणि हँडल मारून गाडी सुरू करण्याचे कष्ट संपायला सुरुवात झाली. त्या ‘सेल्फ स्टार्टर’मधला सेल्फ आपल्याकडे उरला. आजही आपण ‘सेल्फ लागत नाही’ म्हणतो.

म्हणजे कंपनी पुढे जनरल मोटर्सच्या पोटात गेली, तरी तिचे नाव आपल्या गल्लीबोळांत एका वस्तूचे नाव होऊन राहिले. मोटारीच्या विजेच्या सामानाचा इतिहास असा शब्दांत, शिक्क्यांत आणि वायरींच्या रंगांत दडलेला असतो. जुनी मोटार पुन्हा मूळ रूपात उभी करू पाहणाऱ्याला तो वाचावाच लागतो. पत्रा ठोकून सरळ करता येतो, रंग मिळवता येतो, सीट नव्याने शिवता येतात. पण बॉनेट उघडल्यावर डायनामो, कटआउट, कॉइल, फ्यूजबॉक्स त्या गाडीचे, त्या सालचे आहेत का, हा प्रश्न आला की भल्याभल्यांची गाडी अडते.

दिवे विकणारा लुकास

भारतात ज्या जुन्या मोटारी जास्त दिसतात, त्यांतल्या बऱ्याच इंग्रजी वंशाच्या आहेत. मॉरिस, ऑस्टिन, हिलमन, स्टँडर्ड, आणि मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय वारस असलेली अ‍ॅम्बेसेडर. या सगळ्यांच्या विजेच्या सामानावर एकच नाव सापडते, लुकास.

जोसेफ लुकास (१८३४-१९०२) हा बर्मिंगहॅमचा माणूस. त्याची सुरुवात फेरी करून रॉकेल विकण्यापासून झाली. पुढे त्याने जहाजांचे आणि सायकलींचे दिवे बनवले. १८७९ मध्ये आलेल्या त्याच्या सायकलच्या दिव्याचे नाव होते ‘किंग ऑफ द रोड’, म्हणजे रस्त्याचा राजा. मोटारींचा जमाना आला तेव्हा हा दिवेवाला तयारच होता. १९१४ मध्ये कंपनीला मॉरिसच्या मोटारींना विजेचे सामान पुरवण्याचे काम मिळाले. १९२६ मध्ये लुकासने रोटॅक्स आणि सीएव्ही हे दोन प्रतिस्पर्धी विकत घेतले. त्यानंतर ब्रिटनमध्ये मोटार बनवायची तर सामान लुकासचे घ्यायचे, अशीच जवळपास स्थिती झाली. ही मक्तेदारी एवढी वाढली की तिची सरकारी चौकशी झाली आणि १९६३ मध्ये तिथल्या मक्तेदारी आयोगाने त्यावर अहवाल दिला.

लोक जोसेफ लुकासला गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत, कारण लुकासचे दिवे ऐन रात्री दगा देतात असा लोकांचा समज होता. विनोद चांगला आहे, पण तो पुरता खरा नाही. साठ-सत्तर वर्षांनंतर बिघडणारी वायर ही बहुतेक वेळा कारखान्याची चूक नसते. गंजलेला जोड, सैल झालेला अर्थ आणि मधल्या काळात कुणीतरी मारलेला तुकडा, हे खरे गुन्हेगार असतात.

एका कंपनीचा असा एकछत्री अंमल असल्याचा आज एक फायदा होतो. लुकासने प्रत्येक वस्तूला नमुना क्रमांक दिला आणि तो धातूत ठोकला. डायनामो सी ३९ किंवा सी ४०, कटआउट आरबी १०६, हेडलाइट एफ ७०० किंवा पीएल ७००, अशी ही भाषा आहे. ती एकदा कळली की भंगाराच्या ढिगातूनही योग्य वस्तू उचलता येते.

वस्तूवर लिहिलेला जन्मदाखला

नमुना क्रमांकाजवळ बहुधा आणखी दोन छोटे आकडे असतात. एक महिन्याचा किंवा आठवड्याचा आणि दुसरा वर्षाचा. ‘३ ५८’ असे असेल तर तो भाग १९५८ च्या मार्च महिन्यातला. पहिला आकडा बारापेक्षा मोठा असेल तर तो आठवडा, हे उघड आहे. ज्याला गाडी इतिहासाला धरून उभी करायची आहे, त्याच्यासाठी हे दोन आकडे पुरातत्त्वज्ञाच्या हाती लागलेल्या नाण्यासारखे असतात.

इथला नियम साधा आहे. भाग गाडीच्या आधी जन्मलेला असला पाहिजे, पण फार आधी नको. १९५८ च्या जूनमध्ये तयार झालेल्या गाडीत १९६१ चा डायनामो दिसला, तर तो नंतर बदललेला आहे. १९५८ च्या एप्रिलचा असेल तर तो तिच्यासोबतच आलेला असण्याची शक्यता मोठी. भारतात जोडलेल्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक हिशेब करावा लागतो. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने यायचे, बंदरात उतरायचे, मग कारखान्यात जोडले जायचे आणि त्यानंतर गाडीची नोंदणी व्हायची. त्यामुळे भागावरची तारीख आणि आरसी बुकावरची तारीख यांत इंग्लंडमधल्यापेक्षा जास्त अंतर असणे स्वाभाविक आहे. हे लक्षात न घेता परदेशी पुस्तकातला नियम जसाच्या तसा लावला, तर चांगला मूळ भाग ‘नकली’ ठरवून काढून टाकला जाईल.

शिक्क्याइतकीच बोलकी असते वायर. युद्धाआधीच्या आणि युद्धानंतर लगेचच्या इंग्रजी गाड्यांत रबराचे आवरण आणि त्यावर सुती धाग्याची रंगीत वीण असलेली वायर असे. १९५० च्या दशकात रबराची जागा हळूहळू प्लास्टिकने, म्हणजे पीव्हीसीने घेतली. काही गाड्यांत मधली काही वर्षे पीव्हीसीवरही सुती वीण कायम होती. म्हणजे वायरच्या नुसत्या आवरणावरूनही गाडीचा काळ ढोबळमानाने सांगता येतो.

रंगांचीही एक लिपी होती. तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीतून आलेली. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून गेलेली. निळी हेडलाइटची, लाल छोट्या दिव्यांची, काळी अर्थची. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी पांढरी, पण तिच्यावर काळी रेघ. ज्याला ही लिपी येते, तो नकाशाशिवाय अर्धा बिघाड शोधतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत मात्र ही लिपी पुसली गेली आहे. वायर जळाली की जी हाताशी असेल ती टाकायची, मग ती घरगुती फिटिंगची असली तरी चालेल, हा रिवाज होता. अशा गाडीत सगळीकडे एकाच रंगाच्या वायरी दिसतात आणि त्यांच्यातून कोणती कुठे जाते हे शोधताना माणूस घामाघूम होतो.

दिसण्यापुरते बरोबर असून भागत नाही

‘इतिहासाला धरून’ असणे म्हणजे केवळ दिसणे नव्हे. विजेच्या बाबतीत चुकीचा भाग कधीकधी गाडीच जाळू शकतो. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण अर्थचे. आज आपण बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडतो. पण १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बहुतेक इंग्रजी मोटारींत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. जोडांवरचा गंज कमी होतो आणि प्लगची ठिणगी चांगली पडते, अशी कारणे त्या काळी दिली जात. पुढे ट्रान्झिस्टरचे रेडिओ आणि अल्टरनेटर आले आणि सगळ्या जगाने निगेटिव्ह अर्थ स्वीकारला. आता पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला कुणी नव्या पद्धतीने बॅटरी जोडली तर काय होते? दिव्यांना फरक पडत नाही, स्टार्टरही फिरतो. पण डायनामोला दिशा समजवावी लागते. त्याच्या फील्डच्या टोकाला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन त्यातले उरलेले चुंबकत्व उलटवावे लागते. कॉइलची टोके बदलावी लागतात. अँपिअर मीटर उलटा दाखवू लागतो. आणि त्या गाडीत अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले असेल तर ते त्याच क्षणी जाते.

कॉइल जुनी की नवी हेही इथेच कळते. जुन्या लुकास कॉइलच्या टोकांवर ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे असत, म्हणजे एक टोक स्विचकडे आणि दुसरे कॉन्टॅक्ट ब्रेकरकडे. नंतरच्या कॉइलवर अधिक आणि उणे अशी चिन्हे आली. पन्नाशीच्या दशकातल्या गाडीत अधिक-उण्याची कॉइल दिसली, तर ती नंतरची आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरे उदाहरण फ्यूजचे. लुकासच्या काचेच्या फ्यूजमध्ये कागदाची बारीक चिठ्ठी असे आणि तिच्यावर ‘३५’ लिहिलेले असे. आपण समजतो, हा ३५ अँपिअरचा फ्यूज. पण लुकासच्या पद्धतीत हा आकडा फ्यूज ज्या प्रवाहाला उडतो त्याचा होता. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता साधारण १७ अँपिअर. इतर अनेक देशांत फ्यूजवर सतत वाहून नेण्याची क्षमता लिहितात. आता त्या जागी बाजारात मिळणारा दुसऱ्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज बसवला, तर आकडा तोच पण संरक्षण निम्मे. वायर तापेल, पीव्हीसी वितळेल आणि फ्यूज शाबूत राहील.

तिसरे उदाहरण व्होल्टेजचे. शेवरले १९५४ पर्यंत आणि फोर्डच्या अमेरिकन गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्या होत्या. महायुद्धातली विलीज जीपही सहा व्होल्टची आणि तिचे सामान ऑटोलाइट या अमेरिकन कंपनीचे. सहा व्होल्टवर तेवढीच शक्ती हवी असेल तर प्रवाह दुप्पट लागतो. साठ वॉटसाठी बारा व्होल्टवर पाच अँपिअर पुरतात, सहावर दहा लागतात. म्हणून या गाड्यांच्या बॅटरीच्या केबल जाडजूड असत. त्या जागी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली की सेल्फ रडतखडत फिरतो. मग ‘सहा व्होल्ट बेकारच’ असे म्हणत पूर्ण गाडी बारा व्होल्टची केली जाते. दोष व्होल्टेजचा नसतो, केबलचा असतो.

हेडलाइटचेही असेच. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात डिपरचा झोत डावीकडे खाली वळतो. अमेरिकेतून किंवा युरोपातून ‘अगदी मूळ’ म्हणून मागवलेली काच तिथल्या रस्त्यांसाठी घडवलेली असते आणि तिचा झोत उजवीकडे वळतो. ती आपल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. दिवा सुंदर दिसेल, पण भारतात विकल्या गेलेल्या त्या गाडीत तो कधीच नव्हता.

मूळ म्हणजे कुठले मूळ?

आता खरा प्रश्न. भारतातल्या जुन्या मोटारीचे ‘मूळ’ कुठे शोधायचे?

स्वातंत्र्याच्या आधीपासून मुंबईत मोटारी जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स आणि १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याचा. सुरुवातीला हे कारखानेही परदेशातून आलेल्या पेट्या उघडून गाड्या जोडत. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले की ज्यांच्याकडे इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच इथे राहायचे. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्डने आपले इथले जोडणीचे काम बंद केले. उरलेल्यांवर एकेक भाग देशात बनवण्याची जबाबदारी आली.

विजेचे सामान हा त्यातला कठीण भाग. त्यासाठी खास कारखाने उभे राहिले. बंगळूरुत १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने मायको सुरू झाली आणि ‘मायको प्लग’ हा शब्द घराघरांत गेला. १९६१ मध्ये लुकास आणि टीव्हीएस समूह यांनी मिळून लुकास-टीव्हीएस स्थापन केली. तिचा कारखाना मद्रासजवळच्या पाडी इथे. डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर हे बर्मिंगहॅमच्या नकाशांवरून तमिळ कामगारांच्या हातांनी तयार होऊ लागले.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अ‍ॅम्बेसेडर १९५७-५८ मध्ये उत्तरपाड्याला सुरू झाली आणि २०१४ पर्यंत चालली. सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंग्लंडहून आलेले सामान शोभते. पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का असलेला चकचकीत डायनामो बसवला, तर मालक पैसे जास्त मोजेल, लोक वाहवा करतील. पण इतिहासाच्या दृष्टीने ती चूक होईल. त्या गाडीचा खरा डायनामो पाडीचा आहे.

फियाटची गोष्ट आणखी वेगळी. इटलीतल्या फियाट ११०० मध्ये मान्येती मारेल्ली या कंपनीचे सामान असे. ही कंपनी १९१९ मध्ये फियाट आणि एर्कोले मारेल्ली यांच्या भागीदारीतून निघाली होती. कुर्ल्याला हीच गाडी आधी फियाट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि वर्षागणिक तिच्यातले परदेशी भाग कमी होत देशी भाग वाढत गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी हटली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. आता कुणी तिला पुन्हा उभी करताना इटलीहून मारेल्लीचा डिस्ट्रिब्युटर मागवत असेल, तर त्याने एकदा विचार करावा. तो मुंबईची टॅक्सी जपतोय की तिला तुरीनची नागरिक बनवतोय?

आपल्याकडे ‘इंपोर्टेड’ या शब्दाचा दरारा अजून गेलेला नाही. जुन्या गाड्यांच्या छंदात तर तो जास्तच आहे. देशी शिक्का म्हणजे कमअस्सल, विलायती शिक्का म्हणजे अस्सल, असे मनात बसलेले आहे. इतिहासाचा अभ्यास मात्र उलटे सांगतो. ज्या काळात परदेशी चलनाची चणचण होती, त्या काळात एक देश स्वतःचा डायनामो बनवायला शिकला, हीच त्या गाडीची खरी कहाणी आहे. देशी शिक्का खरवडून काढणे म्हणजे ती कहाणी खोडून टाकणे.

उस्तादांची दुरुस्ती

या कहाणीत आणखी एक पात्र आहे, ज्याचे नाव कुठल्याच सुट्या भागावर ठोकलेले नाही. ते म्हणजे गॅरेजमधला वायरमन.

आयातीवर निर्बंध असलेल्या दशकांत भाग बिघडला म्हणून नवा टाकणे परवडत नसे, आणि पुष्कळदा नवा मिळतही नसे. मग आर्मेचर पुन्हा गुंडाळले जाई, कार्बन घासून बसवले जात, बुश खरादून घेतले जाई. कटआउटचे झाकण उघडून, आतल्या पट्टीला बोटाने किंचित वाक देऊन चार्जिंग जुळवणारे लोक होते. हातात मीटर नसे, एक चाचणीचा दिवा आणि कान एवढेच हत्यार. मुंबई-पुण्याच्या गॅरेजमध्ये अशा माणसाला ‘उस्ताद’ म्हणत आणि आजही म्हणतात. कुर्ला, नागपाडा भागांतल्या मुस्लिम कारागिरांनी या धंद्यात पिढ्या घालवल्या. शाळा अर्धवट सुटलेली पोरे उस्तादाच्या हाताखाली शागिर्द म्हणून राहिली आणि डेल्कोचे टायमिंग लावायला शिकली. इंग्रजी मॅन्युअल वाचता येत नव्हते, पण त्यातली विद्या हातातून हातात गेली. कारखान्यांच्या इतिहासात या लोकांचा उल्लेख नसतो. पण त्यांच्याशिवाय आज जपण्यासारखी एकही गाडी शिल्लक राहिली नसती.

म्हणून जुनी गाडी उघडताना त्यांच्या हाताच्या खुणा दिसल्या की थांबले पाहिजे. सगळ्याच खुणा जपण्यासारख्या नसतात. घरगुती वायरचे उघडे जोड आणि फ्यूजच्या जागी गुंडाळलेली सिगारेटची चांदी काढलीच पाहिजे, नाहीतर गाडी पेटेल. पण हाताने गुंडाळलेले आर्मेचर आजही चालत असेल, तर ते फेकून नवी नक्कल बसवण्यात शहाणपण नाही. तोही गाडीच्या आयुष्यातला एक खरा कागद आहे.

शोध कुठे घ्यायचा?

ब्रिटनमध्ये यासाठी मोठी व्यवस्था आहे. ब्यूलीच्या मोटार संग्रहालयाच्या आवारात १९६७ पासून ‘ऑटोजंबल’ नावाचा जुन्या भागांचा बाजार भरतो. गेडन इथली संस्था जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्यांवरून एखादी गाडी कधी, कोणत्या रंगात बाहेर पडली याचा दाखला देते. आपल्याकडे चोर बाजारातली मटण स्ट्रीट, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचे कश्मीरी गेट आणि मायापुरी ही आपली संग्रहालये. फरक एवढाच की इथे काचेची कपाटे नाहीत आणि उद्या ती वस्तू तिथे असेल याची खात्री नाही.

अशा बाजारात जाण्याआधी घरचा अभ्यास हवा. गाडीसोबत आलेले मालकाचे हँडबुक, त्यातला वायरिंगचा नकाशा, कंपनीची सुट्या भागांची यादी आणि शक्य असेल तर त्याच सालची कधीही न उघडलेली दुसरी गाडी, हे चार साक्षीदार. चौघे एकच सांगत असतील तर तो भाग योग्य. जुन्या कौटुंबिक फोटोंचाही उपयोग होतो. लग्नाच्या किंवा सहलीच्या फोटोत मागे उभ्या गाडीचा दिवा, हॉर्न किंवा दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारा इंडिकेटरचा हात स्पष्ट दिसतो. मॉरिस मायनरला असे हात १९६१ पर्यंत होते. त्यानंतर लुकलुकणारे दिवे आले. ज्यांनी ते हात काढून त्या जागी पत्रा झाळला, त्यांनी काळाशी जुळवून घेतले. ते पुन्हा बसवणारा त्या काळाची आठवण जपतो. पण मागून येणाऱ्या आजच्या दुचाकीवाल्याला त्या हाताचा अर्थ कळत नाही, हेही खरे. अशा वेळी हात ठेवून सोबत छोटे दिवे लावणे हा समंजस मार्ग.

खोक्यावर भरवसा ठेवू नये. लुकास कंपनी १९९६ मध्ये व्हॅरिटीमध्ये विलीन झाली आणि १९९९ मध्ये टीआरडब्ल्यूने ती घेतली. लुकास हे नाव मात्र बाजारात राहिले. आज हिरव्या खोक्यातून लुकासच्या नावाने नवा भाग येतो, तेव्हा तो जुन्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला नसतो. तो वाईटच असेल असे नाही, पण त्याला ‘मूळ’ म्हणू नये. उलट, खरोखर जुना पण न वापरलेला भाग मिळाला तरी हुरळून जाऊ नये. पन्नास वर्षे खोक्यात पडलेले रबर कडक होते आणि जुना कंडेन्सर बसवताच दगा देऊ शकतो. तांबे आणि लोखंड वाट पाहू शकतात. रबर आणि कागद नाही.

म्हणूनच काही जाणकार मधला रस्ता काढतात. जुन्या आरबी १०६ च्या खोक्यात आतून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुन्या डेल्कोच्या टोपीखाली पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. बाहेरून काही कळत नाही आणि गाडी भरवशाची होते. सी ४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो. पावसाळी रात्री दिवे, वायपर आणि हॉर्न एकत्र चालवले की तो थकतो, हे ज्यांनी अनुभवले आहे ते या मार्गाला नावे ठेवणार नाहीत.

सनद आणि कायदा

या सगळ्या प्रश्नांवर जगभर विचार झालेला आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ १९६६ पासून काम करते. तिने २०१२ मध्ये तुरीनची सनद स्वीकारली. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली, तिच्या धर्तीवर ही आहे. तिचा सारांश असा की आधी जपा, मग दुरुस्त करा, आणि अगदीच गरज असेल तर नव्याने उभे करा. जे बदलले ते ओळखू येईल असे ठेवा आणि त्याची नोंद करा. गाडीच्या आयुष्यात झालेले जुने बदलही तिच्या इतिहासाचा भाग मानावेत, अशी तिची दृष्टी आहे. मोडक्या मशिदीच्या किंवा किल्ल्याच्या भिंतीवर सिमेंट थापून ती नवी करण्याला आपण विरोध करतो, तोच विचार इथे मोटारीला लावला आहे.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदवता येते. मोठ्या फेरफाराची व्याख्या करताना नियमात चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांची नावे घेतली आहेत. डायनामो, कटआउट आणि वायरिंग यांचे काय करायचे हे मालकाच्या विवेकावर सोडलेले दिसते. कायदा ज्या जागी गप्प बसतो, तिथे माणसाची नियत कळते.

माझे मत विचाराल तर या कामात तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ झाले. पहिली, गाडी उघडण्याआधी प्रत्येक वायर, शिक्का आणि आकडा यांचे फोटो काढून लिहून ठेवा. दुसरी, काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. खोक्यात घालून, चिठ्ठी लावून गाडीसोबत ठेवा. पुढच्या मालकाला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असू शकते. तिसरी, नवे जे बसवले ते लपवू नका. प्रदर्शनात नक्कल असलेल्या भागाला मूळ म्हणून सांगणे म्हणजे इतिहासात खोटा कागद घुसवणे होय.

आणि ज्या उस्तादाने ते काम केले त्याचे नाव त्या नोंदवहीत जरूर लिहा. केटरिंगच्या कंपनीचे नाव ओहायोपासून कुर्ल्यापर्यंत पोहोचले आणि शंभर वर्षे टिकले. कुर्ल्यातल्या माणसाचे नाव निदान त्याने जिवंत ठेवलेल्या गाडीच्या कागदांत तरी टिकायला हवे.